लग्नाची पंचविशी, पन्नाशी वगैरे: तुमच्याकडे काय झालं?

रिकामटेकडी
शेजारच्या काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. काल त्यांची लेक आली होती. 'आईबाबांचे जुने फोटो असतील तर द्या, व्हिडिओ करतोय, पण त्यांना कळू देऊ नका.' म्हणून माळ्यावरची पेटी काढली, तर हाताला आधी लागले आमच्याच पंचविशीचे फोटो.

आमच्या वेळी सगळा घाट मुलांनी घातला होता. नवऱ्याला अचानक समोर आलेलं काहीही झेपत नाही, म्हणून लेकीने त्याला आधीच गुपचूप सांगून ठेवलं. लेकाला माझी दया आली, त्याने मला सांगितलं. म्हणजे दोघांनाही माहीत, आणि समोरच्याला काहीच ठाऊक नाही अशी दोघांचीही समजूत! आठवडाभर नुसतं नाटक. एरवी केस कापायला याच्या मागे महिनाभर लागावं लागतं, तो आपणहून कापून आला. मी म्हटलं, 'काय आज?' तर म्हणे, 'उकडत होतं.' भर थंडीत. आणि मी नवे कपडे कपाटात इतके मागे दडवले की त्या दिवशी मलाच सापडेनात.

दार उघडल्यावर सगळे ओरडले. आम्ही दोघं इतके झकास दचकलो की फोटोत एकमेकांकडे संशयाने बघतोय. भाषणं कोणी केली, काय बोलले, आता काही म्हणता काही आठवत नाही. तो आठवडा मात्र लख्ख आठवतो.

तुमचे, आईवडिलांचे, सासूसासऱ्यांचे अनुभव लिहा. फसलेले कार्यक्रम असतील तर फारच छान.

चष्मिष
'उकडत होतं' 😂😂 आमच्याकडे असलं काही होणं शक्य नाही. याच्या पोटात काही राहत नाही.

निवांत
आईबाबांची पन्नाशी. हॉल भरलेला. निवेदकाने आईच्या हातात माईक दिला, 'काकू, इतक्या वर्षांच्या संसाराबद्दल दोन शब्द.' आई म्हणाली, 'पहिली पाच वर्षं मला हे अजिबात आवडत नव्हते.' हॉल गार. बाबा शांतपणे बसलेले. मग आई म्हणाली, 'पुढचं घरी सांगेन,' आणि माईक परत. टाळ्या थांबेनात. निवेदक बिचारा पुढचा कागद शोधत राहिला.
बाबांना घरी आल्यावर विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? तर म्हणे, मला सात वाटत होती.

खारूताई
@निवांत आई भारी आहेत तुमच्या! आणि बाबा त्याहून.

मधली सून
साबा-साबुंची (सासूबाई-सासरेबुवांची) चाळिशी आम्ही तिघी जावांनी मिळून केली. कार्यक्रम उत्तम झाला पण त्यानंतर आम्ही तिघी वर्षभर धड बोलत नव्हतो. कोणी किती काम केलं यावरून. जास्त लिहीत नाही, एक जण इथे वाचते 🙂

धाकटी सून
वाचतेय हं.

मधली सून
🙈🙈

जुना खोडरबर
माहितीसाठी: २५ रौप्य आणि ५० सुवर्ण हे सगळ्यांना माहीत असतं. ३० ला मोती, ४० ला माणिक. हीरक पूर्वी ७५ ला धरत. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या ६० वर्षांचा सोहळा 'हीरक' म्हणून झाला, तेव्हापासून लग्नाचंही ६० वर रुळलं. ७० ला प्लॅटिनम. एलिझाबेथ राणी आणि प्रिन्स फिलिप यांचं लग्न २० नोव्हेंबर १९४७ चं, त्यांची २०१७ मध्ये सत्तरी झाली. अमेरिकेचे जिमी कार्टर आणि रोझलिन यांचा संसार तर ७७ वर्षांचा. त्याच्याही पुढे हर्बर्ट आणि झेल्मायरा फिशर, लग्न १९२४ चं, हर्बर्ट २०११ मध्ये गेले. ८६ वर्षं! गिनेस बुकात नोंद आहे.

चष्मिष
८६ वर्षं एकाच माणसाला 'पंखा बंद कर' सांगायचं.
(हलके घ्या)

अर्धवट
आमचं लग्न २९ फेब्रुवारी १९८४ चं. दर चार वर्षांनी एकदा विसरायची सोय, असं लग्नाआधी वाटलं होतं. प्रत्यक्षात तीन वर्षं २८ ला की १ मार्चला यावर वाद आणि चौथ्या वर्षी भेटवस्तू काय यावर.

जुना खोडरबर
@अर्धवट तुमच्या लक्षात आलं असेलच, पण पंचविशी आणि पन्नाशी तुम्हाला खऱ्या तारखेला मिळणारच नाही. लीप वर्षात २५ किंवा ५० मिळवले की लीप वर्ष येतच नाही. ७५ चंही तेच. ४० आणि ६० मात्र येतात.

अर्धवट
हो ना, २००९ ला पंचविशी केली ती २८ ला. हिच्या मते ती झालीच नाही. २०२४ ला चाळिशी खऱ्या तारखेला आली, तेव्हा हिने पंचविशीची थकबाकीसुद्धा वसूल केली.

पाऊलवाट
मोबाईलवरून लिहितेय, चुका पोटात घाला.
आमची पन्नाशी पाच महिन्यांनी राहिली. हे गेले. मुलांनी हॉल आधीच सांगून ठेवला होता, तो रद्द करायला फोन कोणी करायचा यावर दोघं हळू आवाजात बोलत होती, मी आतून ऐकलं. मीच केला फोन. पलीकडचा मुलगा म्हणाला, 'दुसरी तारीख देऊ का?' त्याची काय चूक.
त्या दिवशी सकाळपासून फोन वाजेल म्हणून वाट बघत होते. कोणीच केला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून केला नसणार. फक्त यांच्या ऑफिसातल्या एका मित्राने केला. त्याला हे गेल्याचं माहीत नव्हतं, पन्नाशी झाली म्हणून अभिनंदन करायला केला होता. मी सांगितलं तर तो बिचारा रडायलाच लागला. मग मीच त्याची समजूत काढली, आणि आम्ही यांच्याबद्दल तासभर बोललो. यांनी ऑफिसात केलेल्या काय काय भानगडी कळल्या, मला एकही माहीत नव्हती.

खारूताई
काकू 🙏 काय लिहू कळत नाही.

निवांत
पाऊलवाट, भानगडी लिहा की इथे.

पाऊलवाट
@निवांत एक सांगते. साहेबांना कंटाळून यांनी भिंतीवरचं घड्याळ रोज दोन मिनिटं पुढे करायला सुरुवात केली होती. महिनाभराने सगळं ऑफिस तासभर लवकर घरी. आणि आमच्या घरातली घड्याळं मात्र सेकंदाला लावायचे!

चष्मिष
काका 🫡

दुसरी खेळी
आमची जरा वेगळी अडचण. माझं दुसरं लग्न ५४ व्या वर्षी, त्यांचं ५८ व्या. वर्षं मोजली तर सुवर्णमहोत्सवाला मी १०४ आणि ते १०८. म्हणून आम्ही महिने मोजतो. पन्नासावा महिना दणक्यात केला. आता शंभराव्याची तयारी. लेकीला वाटतं आम्हाला वेड लागलंय, पण भेटवस्तू घेऊन येते.

मधली सून
किती गोड! महिने मोजायची आयडिया ढापतेय.

कोपऱ्यातला
आम्ही दोघंही विसरलो होतो. बँकेच्या संदेशावरून कळलं, 'लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली कर्ज हवं का. विसावी होती. कर्ज नाही घेतलं.

खारूताई
अवांतर: फोटोंचा विषय निघालाच आहे तर विचारते. आईबाबांचा अल्बम तो चिकट पानांचा आहे, वर प्लास्टिकचा कागद असतो तो. फोटो निघतच नाहीत, ओढले तर फाटतील. आणि सगळे फोटो लालसर झालेत. भाच्याने विचारलं, मुद्दाम फिल्टर लावला होता का!

जुना खोडरबर
@खारूताई आधी प्लास्टिक उचलून प्रत्येक पानाचा जागच्या जागी फोटो काढून ठेवा. उजेड बाजूने घ्या, नाहीतर चकाकी येते. मग दात साफ करायचा फ्लॉस मिळतो ना, त्याचा दोरा फोटोच्या कोपऱ्याखालून घालून हळूहळू करवतीसारखा सरकवत न्या. बिनसुगंधी, मेण नसलेला घ्या. एखादा फोटो फारच अडला तर सोडून द्या. लाल होण्याचं कारण म्हणजे त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग आधी उडतो आणि लाल मागे राहतो. स्कॅन करून संगणकावर बराच सुधारतो.

रिकामटेकडी
हे मलाही हवं होतं, धन्यवाद! लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटबद्दल कोणाला माहीत आहे का? आमच्या कॅसेटमध्ये पांढरं पांढरं काहीतरी दिसतंय.

जुना खोडरबर
बुरशी आहे. काहीही झालं तरी तशीच यंत्रात घालू नका. टेप तुटते, शिवाय यंत्राच्या हेडवरून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. साफ करून डिजिटल करून देणारे लोक असतात, त्यांना द्या. आणि लवकर द्या, व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं कमी कमी होत चाललीत.

निवांत
खोडरबर काका, तुम्हाला सगळंच कसं माहीत? तुमच्या स्वतःच्या पंचविशीचं काही लिहिलंच नाहीत.

जुना खोडरबर
अविवाहित आहे.

चष्मिष
😂😂😂 धागा जिंकलात

अर्धवट
काका, तरीच वाचायला इतका वेळ मिळतो.

जुना खोडरबर
आठ भावंडांत धाकटा. सगळ्यांच्या पंचविशी, पन्नाशीची कामं माझ्याकडेच असतात. हॉल, फोटो, कॅसेट, रुसवे. मोठ्या वहिनींची साठी पुढच्या वर्षी आहे, तिची यादी आत्ता करतोय. अर्धवट, तुमच्या २०३४ च्या पन्नाशीची जबाबदारी घ्यायलाही तयार आहे, फक्त २८ की १ मार्च ते दोघांनी आधी ठरवून कळवा.

अर्धवट
हिला विचारलं. ती १ मार्च म्हणतेय. मी २८. तुम्ही थांबा जरा.