मोटोजीपीत (मोटारसायकल रेसिंगची जागतिक स्पर्धा) टीम बदलली की रायडर संपतो का बे?

तर्रीपोहे: काल धरमपेठेत टपरीवर यावरूनच वाद झाला, पोह्याची पैजही लागली भाऊ. मित्र म्हणते रायडर मार्क मार्केझनं होंडाची टीम सोडली म्हणून वाचला, मी म्हटलं खरा रायडर कोणत्याही गाडीवर जिंकते. मंग व्हॅलेंटिनो रॉसीचं डुकाटीच्या गाडीवर काहून नाही जमलं?

फुटाळा_रायडर: अबे अर्धंच सांगून राहिला तू. रॉसी 2004 ले होंडा सोडून यामाहावर गेला अन् साउथ आफ्रिकेत पहिलीच रेस मारली, वरून चॅम्पियनही झाला! 2011-12 च्या डुकाटीत पुढच्या चाकाचा भरवसाच येत नव्हता त्याले, दोन सीझन एकही जीत नाही.

संत्रा_बर्फी: रायडर होर्हे लोरेंझोले विसरले का? 2017 भर डुकाटीवर कोरडा, मंग पेट्रोलच्या टाकीचा आकार बदलून दिला, ब्रेक मारताना अंगाले टेका भेटला अन् 2018 ले इटलीतली मुजेलोची रेस जिंकला. अन् लगेच बातमी, हा होंडात चालला. टाकी थोडी आधी दिली असती तर...

तर्रीपोहे: हाव, अन् मार्केझ तर 2024 ले ग्रेसिनी या खासगी टीममध्ये डुकाटीची एक वर्ष जुनी गाडी घेऊन स्पेनमधली अरागॉनची रेस जिंकला, 2025 ले डुकाटी कंपनीच्या स्वतःच्या फॅक्टरी टीममध्ये सरळ चॅम्पियन. पैज कोण जिंकलं मंग? पोह्याचे पैसे मीच दिले ना बे काल.