ब्रुनोला रात्री फिट आली त्याबद्दल

ए ३०२: सकाळपासून सगळे विचारायलेत म्हणून इथंच एकदा लिहिते. रात्री आमच्या कुत्र्याला, ब्रुनोला फिट आली, धाडधाड आवाज झाला तो त्याचाच. झोपेतच अंग ताठ झालं, मग चारी पाय पळत असल्यासारखे हलायला लागले, तोंडाला फेस, चटईवरच शू झाली, डोळे सताड उघडे पण हाक मारलेली काही पोचत नव्हती. दीडेक मिनिटात थांबलं पण तेवढ्यात माझा जीव अर्धा झाला.

बी १०४ काकू: अगं बाई! आता कसा आहे गं?

सी २०१: वहिनी राग मानू नका, पण तोंडाला फेस म्हणजे पिसाळलं नसंल ना? खाली पोरं खेळतात म्हणून विचारलं.

ए ३०२: राग कसला हो भाऊजी, विचारलंत ते बरंच केलंत. रेबीजची लस दरवर्षी दिलीय, डॉक्टरनी कार्ड बघितलं आणि कुणाला चावलाय का, बाहेरचं कुत्रं याला चावलंय का हे सगळ्यात आधी विचारलं. रेबीज असला तर कुत्रं दिवसेंदिवस बिघडतच जातं, दहा दिवसांच्या आत मरतं. हा दुपारी माझ्या हातून दहीभात खाऊन झोपलाय. फिटमध्ये जबडा सारखा चावत राहतो आणि लाळ गिळता येत नाही, त्याचा फेस होतो.

डी ३०१ अण्णा: आमच्या खानापूरकडं फिट आली की कांदा हुंगवतात, तोंडात चमचा घालतात. तसं काही केलं काय?

ए ३०२: अण्णा ते अजिबात नको. कुत्र्याची जीभ घशात जात नाही, आणि त्याला भान नसतंय, आपलाच हात फोडंल. हे चमचा आणायला पळाले होते, मीच अडवलं. फक्त टीपॉय बाजूला सरकवला, जिन्याकडचं दार लावलं, लाइट बंद केली, आणि मुलानं लांबून मोबाईलवर व्हिडिओ घेतला. त्या व्हिडिओचा डॉक्टरना सगळ्यात जास्त उपयोग झाला बघा, हार्टमुळं आलेली चक्कर की फिट हे त्यावरून कळतंय म्हणाले, आणि किती वेळ चालली तेही त्यातच आलं.

बी ४०३ सेक्रेटरी: थांबेपर्यंत नुसतं बघत बसायचं? रात्री लगेच न्यायला नको?

ए ३०२: पाच मिनिटांच्या वर गेली किंवा २४ तासांत परत परत यायला लागली तर रात्र बघायची नाही, गाडीत घालायचं आणि निघायचं, अंग तापतं आणि मेंदूला धोका असतो. लवकर थांबली तर सकाळी नेलं तरी चालतं. पण थांबल्यावरचं मला जास्त जड गेलं. उठून भिंतीलाच धडकायला लागला, दिसतच नव्हतं त्याला, मला हुंगून पण ओळखलं नाही. हे थोड्या वेळानं आपोआप जातं, पण पूर्ण भानावर येईपर्यंत पाणीसुद्धा पाजायचं नाही, श्वासात जाऊ शकतं.

बी १०४ काकू: मग आता कायम गोळ्या काय गं?

ए ३०२: काकू, एका फिटवर बहुतेक वेळा चालू करत नाहीत. साखर, कॅल्शियम, लिव्हर, किडनी सगळ्याला रक्त दिलंय, रिपोर्ट संध्याकाळी. सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिली फिट आली आणि रिपोर्ट चांगले आले तर बहुतेक एपिलेप्सीच (परत परत फिट येण्याचा आजार) असते, लॅब्रॅडॉरमध्ये जरा जास्तच. परत आली तर फेनोबार्बिटल नावाची फिटची गोळी देतात, ती मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, एकदम सोडली तर फिट आणखी जोरात येतात. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवलीय.
आणि एक, म्हणूनच इथं लिहायला बसले. डॉक्टर विचारत होते की उंदराचं औषध, गोगलगाईचं औषध किंवा फवारणी आसपास झालीय काय, त्यानंपण फिट येते. आपल्या बागेत काही टाकलंय काय हो?

बी ४०३ सेक्रेटरी: थांबा जरा. पावसानं गोगलगाई लई झाल्यात म्हणून माळ्यानं मागच्या कुंड्यांजवळ दाणे टाकलेत. कुठलं औषध ते मला माहीत नाही. त्याला आत्ताच फोन लावतो, सगळं झाडून गोळा करायला सांगतो. पाकीट पंपरूममध्ये असंल.

सी २०१: अहो तिथंच पोरांचा बॉल जातो की! मी पण खाली येतो झाडायला.

ए ३०२: पाकीट टाकून देऊ नका हं, दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. क्लिनिक सातपर्यंत उघडं आहे, मी लगेच डॉक्टरना दाखवते.