टोयोटा हायलक्सचं टॉप मॉडेल घ्यावं का? सात लाख जास्तीचे खरंच रस्त्याबाहेर उपयोगी पडतात का?

जावळीचा_पाऊस (सातारा)

राम राम मंडळी. सल्ला पाहिजे, जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

राहायला साताऱ्यात, शाहूपुरीत. शेत आणि एक छोटं घर आहे ते मेढ्याच्या वरच्या अंगाला, डांबर संपलं की पुढं सगळा कच्चा रस्ता, लाल माती, मधे दोन ओढे आणि शेवटची चढण अशी की जूनला पाऊस धरला की दसऱ्यापर्यंत आमची सेडान खाली देवळापाशी लावायची आणि सामान डोक्यावर घेऊन वर चालायचं. सामान म्हणजे खताची पोती, पाइपा, कधी मोटर. माणसं चार, त्यात आई सत्तरीच्या पुढची. म्हणून डबल कॅब पिकअप (पुढं सीटच्या दोन रांगा, मागं उघडा हौदा) हे नक्की केलंय, थार जिमनी सुचवू नका, ते सगळं बघून झालंय.

हायलक्स जवळपास ठरलीय, इसुझुची व्ही-क्रॉस पण चालवून बघितली. घोडं अडलंय ते मॉडेलवर. हायलक्सचं स्टँडर्ड मॅन्युअल आणि वरचं हाय ऑटोमॅटिक यांच्यात एक्स-शोरूमलाच सात लाखांच्या आसपास फरक आहे, वर टॅक्स इन्शुरन्स धरला की आठच्या पुढं जातंय. मित्रमंडळी सगळी म्हणतात की ऑफ-रोडसाठी घेतोयस तर टॉपच घे, एकदाच घ्यायची असते. भाऊ म्हणतो आठ लाखात त्या चढणीवर काँक्रीट होईल :) बायकोला ऑटोमॅटिक पाहिजे. मला फक्त एवढंच कळून घ्यायचंय की ते जास्तीचे पैसे दिले तर गाडी चिखलात जास्त चालते का, का नुसतं लेदर आणि एसी?

काळं_रान (तासगाव)

दादा मी व्ही-क्रॉसवाला, वरचं मॉडेल घेतलंय, तरी खरं तेच सांगतो. चिखलात गाडी मॉडेल चालवत नाही, टायर चालवतो. आमच्याकडं द्राक्षबागेत छाटणीच्या टायमाला परतीचा पाऊस गाठतो, काळी माती, ती टायरच्या खाचात अशी बसती की दोन मिनिटात टायर गुळगुळीत, मग फोर बाय फोर असू दे नाहीतर आणि काय, चारी चाकं जागेवर फिरत्यात. कंपनीकडनं येतो तो हायवेचा टायर, त्याच्यावर काळ्या रानात जाऊ नये. मी ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा दोन्हीकडं चालणारे टायर, टाकले तवा कुठं जीव आला, आणि आमच्या शेजारच्या वाडीतला एकजण मड-टेरेन टाकून बसलाय, तो रानात राजा पण मिरज रोडला गाडीत बोलायला ओरडावं लागतंय इतका आवाज.

तुमची लाल माती बरी राव. पाणी मुरतंय, खाली मुरूम लागतो. तिथं चांगला ऑल-टेरेन पुरेसा आहे. आणि एक, पिकअप रिकामी असली की मागचा भाग हलका, मागची चाकं लगेच घसरत्यात. पावसाळ्यात मागच्या एक्सलच्या वर तीनचार पोती टाकून ठेवायची, बांधून. फुकटातलं ऑफ-रोड किट आहे ते.

स्पॅनर_कराड

तासगावच्या भाऊंनी निम्मं सांगितलंच, बाकीचं मी सांगतो. गॅरेज आहे माझं, या गाड्या खालून बघतो मी, वरचं लेदर मला दिसत पण नाही.

हायलक्समधे इंजिन एकच, २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस, खालच्याला पण तेच वरच्याला पण तेच. फोर बाय फोर सगळ्या मॉडेलला, लो रेंज (स्पीड कमी, ओढ जास्त देणारा गियर) सगळ्यांना, मागचा डिफ लॉक सगळ्यांना. चॅसी तीच, मागं स्प्रिंगचे पाटे तेच. म्हणजे तुमच्या चढणीवर गाडी ज्या जिवावर चढणार ते सगळं बेसमधे आहे. वर पैसे जातात ते लेदर, दोन बाजूंचा वेगळा एसी, ड्रायव्हरची बटणावर हलणारी सीट, मोठी चाकं अशा गोष्टींना.

आता मोठ्या चाकांचं बघा, इथंच गंमत आहे. स्टँडर्डला २६५/६५ आर १७ टायर येतो, हायला २६५/६० आर १८. बाहेरनं दोन्ही जवळपास सारखेच उंच. पण रिम मोठी झाली म्हणजे रबराची भिंत कमी झाली, गणित करा, १७ ला भिंत १७२ मिमी बसते आणि १८ ला १५९. दगडावर हवा कमी करून चालवायची तर जास्त भिंत कधीही चांगली, रिम वाचते आणि टायर पसरून पकड घेतो. म्हणजे शोरूममधे जी रुबाबदार दिसते ती शेतावर थोडी मागं पडते. १७ मधे ऑल-टेरेन टायरला चॉइस पण भरपूर आहे, आणि चार टायर चांगल्या कंपनीचे घेतले तरी लाखाच्या आत बसतात.

राहिला खरा फरक तो एकच, ऑटोमॅटिक. ते वरच्या मॉडेललाच मिळतं, आणि त्यात टॉर्क ५०० एनएम आहे, मॅन्युअलला ४२०. कागदावर ८० चा फरक, पण लो रेंज टाकल्यावर ४२० पण तुमच्या रस्त्याला जास्तच होतात. म्हणून टॉप मॉडेल का बेस हा प्रश्नच सोडा, ऑटोमॅटिक पाहिजे का नको एवढंच ठरवा.

बोलेरो_म्हणजे_बोलेरो (विटा)

बोलेरो कॅम्पर घ्या आणि उरलेल्या पैशात दोन एकर रान घ्या. विषय संपला.

जावळीचा_पाऊस (सातारा)

विटेकर, आईला कॅम्परच्या मागच्या सीटवर बसवून मेढ्यापर्यंत नेऊन दाखवा, मग बोलू :)

स्पॅनर दादा, टायरचं गणित डोक्यातच नव्हतं आलं, भारी. एक विचारतो, डिफ लॉक डिफ लॉक म्हणतात ते नक्की कधी लावायचं? आणि मॅन्युअलला चढणीवर क्लच जळेल का, कारण आमची चढण वळणावळणाची आहे, मधे थांबावंच लागतं, समोरनं ट्रॅक्टर आला की संपलं.

स्पॅनर_कराड

साधं आहे. एक चाक हवेत गेलं किंवा चिखलात फिरायला लागलं की नेहमीचं डिफरन्शियल सगळी ताकद त्याच फिरणाऱ्या चाकाला देतं, जमिनीवरचं चाक गप बसतं. लॉक केलं की मागची दोन्ही चाकं एका दांड्यावर असल्यासारखी बरोबरच फिरतात. लावायचं सरळ, सावकाश, अडकायच्या आधी. वळणात लावून ठेवलं तर गाडी वळत नाही आणि खाली सगळ्यावर ताण येतो. निघालं की लगेच काढायचं. तसंच फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून कास रोडला मिरवायचं नाही, पुढची मागची चाकं वळणात वेगळ्या वेगानं फिरतात, या गाड्यांना मधे डिफरन्शियल नाही, ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, जीव जातो. लोक लावतात, मग माझ्याकडं येतात.

क्लचचं म्हणाल तर हाय रेंजमधे पहिल्या गियरला अर्धा क्लच धरून चढवली तर जळेलच. लो रेंज टाका, गाडी क्लच पूर्ण सोडून चालण्याच्या स्पीडनं चढते, थांबून परत निघायला पण त्रास नाही. उतरताना पण लो रेंज पहिला गियर, ब्रेकवर पाय नको. हे जमत असेल तर मॅन्युअल. घरात दुसरं कोणी चालवणार असेल आणि त्यांना हे करायचा कंटाळा असेल तर ऑटोमॅटिकला पैसे द्या, ते वाया नाहीत.

सायली_मिरज

दुसरं कोणी म्हणजे आम्हीच ना :) सगळे चिखलाचं बोलताय, मी शहराचं बोलते, कारण पावसाळ्यातले दिवस सोडले तर गाडी तिथंच असणार.

बाबांची पिकअप मी चालवते, हायलक्स नाही दुसरी आहे पण अंगानं तेवढीच. हायलक्स ५३२५ मिमी लांब आहे म्हणजे सव्वापाच मीटरच्या वर. साताऱ्यात राजपथावर किंवा मोती चौकात संध्याकाळी घालून बघा. आमच्याकडं मिरजेत मार्केटजवळ मी ती नेतच नाही, लांब लावते आणि चालत जाते. शाहूपुरीत तुमच्या बोळात वळते का, गेटमधून आत जाते का, हे टेप घेऊन मोजा, मग बाकीचं. व्हीलबेस पण ३०८५ आहे त्यामुळं बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडं जातात आणि पोट बांधावर टेकतं, हे ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यात दिसत नाही.

ऑटोमॅटिकबद्दल वहिनींच्या बाजूनं मत. ऊस सुरू झाला की रस्त्यावर दोन दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, त्यांच्यामागं पहिला दुसरा पहिला दुसरा करत कारखान्यापर्यंत जायचं म्हणजे डावा पाय रात्री वेगळा ठेवावा लागतो. तुमच्या चढणीला वर्षातनं किती वेळा जाणार आणि ट्रॅफिकमधे किती वेळा, ते तुम्हीच बघा.

आणि आईंना टेस्ट ड्राइव्हला न्या. खरंच न्या. पिकअपमधे चढायला उंच पडतं, मागची सीट सरळ पाठीची असते, रिकामी असली की पाट्यांमुळं मागं उडते. आमच्या आजीला फूटबोर्ड लावून पण हात द्यावा लागतो. लेदर सीट असो नाहीतर कापडी, ते उडणं तेवढंच असतं, सात लाखानं ते जात नाही.

आरटीओ_काका (सांगली)

चर्चा चांगली चाललीय, दोन कागदाच्या गोष्टी.

आपल्या राज्यात खासगी डिझेल गाडी २० लाखांच्या वर गेली की वाहन कर १५ टक्के. म्हणजे सात लाखाच्या फरकावर लाखभर रुपये नुसता करच. फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर २० टक्के, तेव्हा सीएला विचारून मगच. त्यांना घसारा वाचतो असं वाटतं आणि कराचं विसरतात.

दुसरं, बेस घेऊन वरनं सगळं लावू असं बरेचजण म्हणतात. टायर त्याच मापाचे बदला, कोणी काही म्हणत नाही. पण गाडी उंच करायची, मापाबाहेरची चाकं घालायची, पुढं लोखंडी गार्ड बसवायचा, हे भानगडीचं काम आहे. क्रॅश गार्डवर केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरातच बंदीचं पत्र काढलंय आणि मूळ गाडीच्या रचनेत फरक करू नये असं सुप्रीम कोर्टानं २०१९ ला सांगितलंय. रस्त्यात पोलीस धरतील न धरतील, पण अपघात झाला की विमावाले आधी तेच बघतात. जे काही लावाल ते विमा कंपनीला लेखी कळवून लावा. मागं हौद्यावर कॅनोपी, म्हणजे बंद टप, बसवणार असाल तर तेही विचारून.

काळं_रान (तासगाव)

काकांचं बरोबर. आणि दादा डिझेलचा एक मुद्दा राहिलाच. बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतंय, धुराची काजळी साठवणारा फिल्टर. सातारा शहरात दोन किलोमीटर, घरी, परत दोन किलोमीटर असं चालवलं की ते जळून साफ होत नाही, मग डॅशबोर्डला दिवा लागतो आणि माणूस घाबरतो. अधनंमधनं पुणे-बंगळूर हायवेला घालून एका लयीत तासभर पळवायची, कराडपर्यंत जाऊन आलं की झालं. टॉप असू दे का बेस, हे चुकत नाही.

ओढ्याचं पण सांगतो, हायलक्सला ७०० मिमी पाण्यातनं जाते असं कंपनी सांगते. ते थांबलेल्या पाण्यात, सावकाश. वाहत्या पाण्यात नाही. आमी २०१९ चा पूर बघितलाय, कृष्णेचं पाणी सांगलीत कुठपर्यंत आलं ते सगळ्यांना म्हायतय. वाहतं पाणी गाडीला बाजूनं ढकलतंय, तिथं २०४ पीएस काय करणार. ओढ्यात खालचा दगड दिसंना झाला की मागं फिरायचं.

रॉकी_सातारा

टॉप घे भावा, ब्लॅक एडिशन पण आहे आता, पोरं वळून बघतात. कास पठारावर घेऊन जाऊ, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपाशी रील काढू, नाद खुळा!

सायली_मिरज

पठारावर गाडी घालायची नाही हो रॉकीभाऊ. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्या खडकाळ सड्यावर इंचभर मातीत फुलं उगवतात, एकदा चाक फिरलं की काही वर्षं तिथं काही येत नाही. आणि पुढं कोयनेकडं सह्याद्री व्याघ्र प्रकल्प लागतो, वनखात्याचा दंड टॉप मॉडेलला पण तेवढाच बसतो.

जावळीचा_पाऊस (सातारा)

रॉकी, रील तूच काढ, मी डिझेलचे पैसे देत नाही :)

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी टेप घेऊन गेट मोजलं, गाडी आत जाते पण एक आरसा मिटवावा लागणार असं दिसतंय, आणि वळणावर शेजाऱ्यांची तुळस आहे ती हलवायला सांगावी लागेल, ते गाडीपेक्षा अवघड काम आहे. बायकोला सायलीताईंचा मेसेज वाचून दाखवला, तिनं फक्त "बघ" म्हटलं. मी सध्या इथं आलोय की लेदर आणि एसीसाठी एक रुपया जास्त द्यायचा नाही, पण ऑटोमॅटिकसाठी देऊ का याचा विचार करतोय. ते बेसमधे दिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, कंपनीला पण ते माहिती असणार.

आता रविवारी आईला घेऊन टेस्ट ड्राइव्ह. स्पॅनर दादा, ऑटोमॅटिक घेतलीच तर १८ ची चाकं काढून १७ ची घालता येतील का? ब्रेक कॅलिपरला लागणार नाहीत ना?

स्पॅनर_कराड

स्टँडर्डची मूळ १७ ची रिम मिळाली तर तीच घ्या, बाहेरची घेऊ नका, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) वेगळा असला की टायर आत घासतो नाहीतर बाहेर येतो. बुकिंगच्या आधी शोरूमकडनं लेखी घ्या की १७ ची चाकं त्या गाडीला चालतील आणि वॉरंटीला काही होणार नाही. तोंडी "हो हो सर" धरू नका. जमलं तर रविवारी येताना कराडला या, दोन्ही मापाची चाकं दाखवतो, आणि त्या चढणीचा पावसातला एखादा फोटो असेल तर घेऊन या, तो बघून टायर सांगतो.