मदत हवी आहे: १७९३ च्या तटस्थतेच्या घोषणेमागची पत्रे – कोणती प्रत प्रमाण धरायची?

कागदकिडा (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. एप्रिल १७९३ मध्ये अमेरिकेने ब्रिटन-फ्रान्स युद्धापासून अलिप्त राहायचे ठरवले. त्या निर्णयामागच्या सरकारी पत्रव्यवहारावर मराठीत लेख लिहितो आहे. साहित्य ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या अमेरिकेच्या संस्थापकांच्या पत्रांच्या संकेतस्थळावरून घेतले आहे. अडचणी अशा:

१. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने या युद्धाबाबत काय करावे यावर १८ एप्रिलला मंत्र्यांना पाठवलेले तेरा प्रश्न एकाहून जास्त संग्रहांत आहेत. आधार कोणता द्यायचा?
२. प्रश्न वॉशिंग्टनच्या अक्षरात आहेत, पण परराष्ट्रमंत्री जेफरसन म्हणतो ते अर्थमंत्री हॅमिल्टनचे. मग लेखक कोण?
३. युद्धमंत्री नॉक्सच्या कार्यालयाचे कागद जवळजवळ सापडतच नाहीत.
४. युरोपातल्या दूतांना गेलेली पत्रे आणि त्यांची उत्तरे यांच्या तारखा जुळत नाहीत.

बारनिशी:
पहिल्या प्रश्नापासून. त्या काळात एका पत्राची चार रूपे असू शकतात: मसुदा, प्रत्यक्ष पाठवलेली प्रत, कारकुनाने जावक वहीत उतरवलेली नक्कल आणि दाबयंत्रावर काढलेली नक्कल. संकेतस्थळावर प्रत्येक पत्राखाली बारीक अक्षरात स्रोतटीप असते, ती आधी वाचा. ‘एएलएस’ म्हणजे स्वतः लिहून सही केलेले पत्र, ‘एलएस’ म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले पण सही मूळ माणसाची, ‘डीएफ’ मसुदा, ‘एलबी’ जावक वही. जेफरसनच्या खंडांत खुणा वेगळ्या आहेत: ‘आरसी’ म्हणजे ज्याला पाठवले त्याच्याकडची प्रत, ‘पीआरसी’ म्हणजे दाबनक्कल.

समोरच्याला काय कळवले हे सांगायचे असेल तर पोचलेली प्रतच घ्या. मनात काय होते आणि काय गाळले, यासाठी मसुदा. जावक वहीचा नंबर शेवटचा, कारण उतरवणारा कारकून शब्द गाळतो, स्पेलिंग सुधारतो, कधी तारीखही चुकवतो.

दाबनकलेबद्दल थोडे जास्त सांगतो. जेम्स वॉटने १७८० मध्ये पेटंट घेतलेले हे यंत्र. खास शाईने लिहिलेल्या ताज्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाब द्यायचा, म्हणजे शाई त्यावर उलटी उमटते. कागद इतका पातळ की मागून पाहिले की अक्षरे सरळ वाचता येतात. यातून दोन भानगडी होतात. दाब दिल्यानंतर मूळ पत्रात केलेली दुरुस्ती नकलेत नसते. शिवाय शाई फिकी पडते, आणि काही पानांवर नंतर कोणीतरी शब्द गिरवलेले असतात. गिरवलेला शब्द म्हणजे मूळ शब्द असे गृहीत धरू नका.

तुमच्या तेरा प्रश्नांचे परिपत्रक चौघांसाठी होते: जेफरसन, हॅमिल्टन, नॉक्स आणि महान्यायवादी रँडॉल्फ. म्हणून ते अनेक ठिकाणी आहे. ज्या मंत्र्याबद्दल लिहीत असाल त्याच्याकडे पोचलेली प्रत घ्या, आणि स्रोतटीप आधारात द्या. नुसती लिंक पुरत नाही.

टाकदौत:
दुसरा मुद्दा. लिहिणारा हात, सही करणारा आणि मजकूर रचणारा ही तीन वेगळी माणसे असू शकतात. तिन्ही वेगळी नोंदवा. प्रश्न हॅमिल्टनचे, हा आरोप जेफरसनच्या खासगी टिपणातला आहे. अक्षर वॉशिंग्टनचे असले तरी भाषा आणि शंका हॅमिल्टनच्या, असे तो म्हणतो. पण या टिपणांना त्याने १८१८ मध्ये प्रस्तावना लिहिली, आणि चुकीच्या, संशयास्पद किंवा निव्वळ खासगी वाटलेल्या काही नोंदी कापून टाकल्याचे तिथे स्वतःच सांगितले आहे. तेव्हा ‘जेफरसनच्या मते’ एवढेच लिहा. ‘सिद्ध झाले’ असे लिहू नका.

वॉशिंग्टनच्या सरकारची कामाची पद्धत कळली तर निम्मा गुंता सुटतो. ती जेफरसननेच, पुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष असताना, ६ नोव्हेंबर १८०१ च्या खातेप्रमुखांना पाठवलेल्या परिपत्रकात मांडली आहे. स्वतःच्या नावाने आलेले पत्र वॉशिंग्टन संबंधित खात्याकडे पाठवी. मंत्र्याच्या नावाने आलेले पत्र, उत्तर द्यायचे असेल तर उत्तराच्या मसुद्यासह, राष्ट्राध्यक्षाकडे जाई. बहुतेक वेळा तो ते वाचून नुसते परत करी, आणि शेरा नसणे हीच मंजुरी. त्यामुळे प्रत्येक पत्राला लेखी मान्यता शोधत बसू नका. मतभेद असेल तिथे लेखी मत मागवले जाई. राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात खातेप्रमुखांकडून लेखी मत मागण्याची तरतूदच आहे.

तुमच्या प्रकरणात नेमके तेच झाले. १९ एप्रिलच्या बैठकीत घोषणा काढायची आणि फ्रेंच दूत जने याला स्वीकारायचे, या दोन्हींवर एकमत झाले. फ्रान्सशी असलेले करार अजून बंधनकारक आहेत का, हे बैठकीत सुटले नाही. त्यावर जेफरसनचे मत २८ एप्रिलचे, हॅमिल्टन आणि नॉक्स यांचे संयुक्त मत २ मेचे, रँडॉल्फचे ६ मेचे. घोषणा मात्र २२ एप्रिललाच निघाली. लेखात या मतांना घोषणेमागचे कारण म्हणून दाखवले तर क्रमच उलटा होईल. हल्ली बरेच जण तसे करतात.

जाता जाता, रँडॉल्फने रचलेल्या त्या घोषणेत ‘तटस्थता’ हा शब्दच नाही. अवतरणात घालू नका.

बारनिशी:
नॉक्सचे कागद जळाले. ८ नोव्हेंबर १८०० ला वॉशिंग्टन शहरात युद्धखात्याच्या कार्यालयाला आग लागली. ‘पेपर्स ऑफ द वॉर डिपार्टमेंट’ हा प्रकल्प इतर संग्रहांतल्या प्रती गोळा करून तो दप्तरसाठा पुन्हा उभा करतो. तिथे नॉक्सच्या नावाने शोधूनच थांबू नका. गव्हर्नर, सेनाधिकारी, कंत्राटदार, ज्यांना पत्र गेले असेल त्यांच्या नावाने शोधा. आणि नॉक्सचे पत्र मिळाले नाही म्हणजे नॉक्स गप्प होता, असा निष्कर्ष काढू नका.

परराष्ट्र खात्याचे कागद १८१४ मध्ये इंग्रजांनी शहर जाळले तेव्हा नशिबाने वाचले. स्टीफन प्लेझंटन या कारकुनाने महत्त्वाचे दस्तऐवज कापडी पिशव्यांत भरून व्हर्जिनियात लीसबर्गला हलवले होते.

गलबत:
चौथ्यासाठी आधी अंतर लक्षात घ्या. फ्रान्सने १ फेब्रुवारी १७९३ ला ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. वॉशिंग्टनला माउंट व्हर्नन या त्याच्या घरी ती बातमी एप्रिलमध्ये मिळाली. म्हणजे दोन महिन्यांहून जास्त. पत्रावरच्या तारखांऐवजी ‘मिळाले’ या शेऱ्याची तारीख लावा. तो शेरा बहुधा घडी केलेल्या पत्राच्या बाहेरच्या बाजूला असतो. जेफरसनची १७८३ पासूनची आवक-जावक नोंदवही आहे, तिच्यात पत्राची आणि पोचण्याची अशा दोन्ही तारखा मिळतात. दूतांची पत्रे क्रमांकित असत, आणि तेच पत्र दोन-तीन जहाजांतून पाठवत, एक बुडाले किंवा पकडले गेले तर दुसरे पोचावे म्हणून. त्यामुळे एकच पत्र दोनदा ‘मिळालेले’ दिसते. क्रमांकाने जोडा.

मजकुरातला ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ म्हणजे मागचा. महिन्याच्या सुरुवातीच्या पत्रांत हमखास घोळ होतो.

सांकेतिक आकड्यांतली पत्रे निराळी पडताळा. पोचण्याचा आणि वाचण्याचा दिवस एक नसतो. नंतरचे एक उदाहरण: अमेरिकी दूतांची पॅरिसहून आलेली पत्रे ४ मार्च १७९८ ला तेव्हाची राजधानी फिलाडेल्फियात पोचली, तेव्हा ८ जानेवारीचे शेवटचे पत्र साध्या भाषेत असल्याने आधी वाचले गेले आणि आधीच्यांची उकल मागाहून झाली. काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, ती ३ एप्रिलला गेली तेव्हा त्यांतल्या फ्रेंचांच्या मध्यस्थांच्या नावांऐवजी अक्षरे घातली होती. ‘अमेरिकन स्टेट पेपर्स’ या सरकारी कागदांच्या छापील संग्रहातला मजकूर वापरणार असाल तर ‘उतारा’ असा शिक्का आहे का पाहा. असला तर गाळलेला भाग हस्तलिखितातच शोधावा लागेल.

कागदकिडा:
आभार. वॉशिंग्टनची काही पत्रे जेरेड स्पार्क्सच्या १८३० च्या दशकातल्या आवृत्तीतून घेतली आहेत. चालतील?

टाकदौत:
नाही. स्पार्क्सने वॉशिंग्टनची भाषा ठिकठिकाणी सभ्य करून छापली. तीच पत्रे तारीख आणि ज्याला लिहिले त्याच्या नावाने फाउंडर्स ऑनलाइनवर काढा आणि अवतरणे बदला. पानावर ‘अर्ली ॲक्सेस’ असे दिसले तर तो मजकूर अजून पूर्ण तपासलेला नाही; अशा वेळी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरची स्कॅन प्रतिमा उघडून ओळ पडताळा.