गरम इंजिन परत स्टार्ट होत नाही (ईएफआय बसवलेली जुनी मोटरहोम)

मदत हवी आहे. १९७६ ची जीएमसी मोटरहोम, ४५५ ओल्ड्समोबाइल इंजिन, कार्ब्युरेटर काढून थ्रॉटल बॉडीवालं ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्यूल इंजेक्शन) किट बसवलंय. थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू, चालतानाही काही तक्रार नाही, पण लांब चालवून पेट्रोल भरायला बंद केली आणि पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारला की नुसती फिरत राहते. लगेच मारला तर सुरू होते, पूर्ण गार झाली तरी होते, हा मधलाच वेळ वाईट.

स्पार्क आहे, आरपीएम सिग्नल येतो, क्रँकिंगला व्होल्टेज १० च्या खाली जात नाही. एक्सिलरेटर पूर्ण दाबूनही फरक नाही, काळा धूर नाही, त्यामुळे फ्लडिंग (इंजिनात जास्त पेट्रोल जाणं) नसावं. चालू असताना पेट्रोलचं प्रेशर ५८ पीएसआय, बंद केल्यावर शून्यावर येतं आणि की ऑन केली की पंप नेहमीपेक्षा जोरात घरघरतो, पण काटा थरथरत ३० च्या आसपासच अडकतो. की बऱ्याचदा ऑन-ऑफ केल्यावर कधीतरी चढतो, मग सुरू.

पंप बाहेर चेसिसवर आहे, दोन टाक्या, सिलेक्टर व्हॉल्व्ह पंपाच्या आधी, जादा पेट्रोलची रिटर्न लाइन मेन टाकीत. लाइनला हीट स्लीव्ह घातलंय, फिल्टर नवीन. इथेनॉल नसलेलं पेट्रोल वाटेत सगळीकडे मिळत नाही, तेव्हा तो उपाय नको.

इन-टँक पंपासाठी टाक्या उतरवायच्या म्हणजे मोठंच काम, म्हणून त्याआधी विचारतोय: पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल उलटं जाऊ न देणारा) गेलाय की सक्शन बाजूला पेट्रोल उकळून वाफ होतेय, हे नक्की कसं ओळखायचं?