लेकीसाठी शाखा निवडायची आहे: पुण्यात एआय-डेटा सायन्स, जिल्ह्यात कॉम्प्युटर की शासकीय कॉलेजात ईएनटीसी?

डाळिंबबाग

नमस्कार मंडळी. सांगोल्याजवळ आमची डाळिंबाची बाग आहे. धाकटी लेक यंदा बारावी झाली, एमएचटी-सीईटीला ९३.६ पर्सेंटाइल पडलेत. इंजिनिअरिंगला जाणारी घरातली ती पहिलीच, त्यामुळे विचारायला जवळ कुणी नाही. कॅपचा, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरायला चारच दिवस उरलेत.

मागच्या वर्षीचे कटऑफ बघून तीन ठिकाणी नंबर लागेल असं वाटतंय.

पुण्यातलं एक खासगी कॉलेज, शाखा एआय अँड डेटा सायन्स. शाखा नवीन आहे, अजून पहिलीच बॅच बाहेर पडलीय. हॉस्टेलवर राहावं लागेल.

आमच्याच जिल्ह्यातलं एक स्वायत्त कॉलेज, शाखा कॉम्प्युटर सायन्स. एसटीने रोज जाऊन-येऊन होईल.

एक शासकीय कॉलेज, तिथे ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. फी कमी, नाव जुनं.

पाहुणे म्हणतात एआयच घ्या, पुढचं सगळं त्याचंच आहे. पोरगी म्हणते, "मला प्रोग्रॅम लिहायला आवडतं, बाकी तुम्ही ठरवा." अकरावीत तिने मोबाइलवरच पायथन शिकून बागेच्या फवारणीचा प्रोग्रॅम केला होता. कोणतं औषध कधी मारलं ते टाकलं की पुढची फवारणी किती तारखेला ते सांगतो. दोन हंगाम आम्ही तोच वापरतोय. दहावीपर्यंत शिक्षण मराठी माध्यमात झालंय. आम्ही ओबीसीत येतो, उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे.

तुम्ही माझ्या जागी असता तर पहिला पर्याय कोणता टाकला असता?

आयटी_तिसरं_वर्ष

काका, मी लातूरहून पुण्याला आलोय. माझं मत पुणे. हॅकेथॉन, मीटअप, इंटर्नशिप सगळं इथे हाताशी असतं. पहिल्या वर्षी मला इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची भीती वाटायची, ती इथल्या मित्रांमुळे गेली. कोडिंग आपलं आपल्यालाच शिकावं लागतं, पण आजूबाजूला शिकणारी पोरं असली की आपणही बसतो. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र नीट धरा, कॉलेजच्या फीपेक्षा तोच जास्त जाणवतो.

लॅब_क्रमांक_चार

दादा, मी १७ वर्षं एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर विभागात शिकवतो. जरा सविस्तर लिहितो, कारण दर जुलैमध्ये हाच प्रश्न घेऊन पालक येतात आणि काउंटरवरच्या घाईत त्यांना धड उत्तर मिळत नाही.

शाखेचं नाव थोडा वेळ बाजूला ठेवा. पुण्याच्या आणि जिल्ह्यातल्या, दोन्ही कॉलेजांच्या वेबसाइटवरून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिलं वर्ष सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं, गणित, भौतिक, रसायन, थोडं सी किंवा पायथन. खरी शाखा दुसऱ्या वर्षापासून सुरू होते.

मोजपट्टी म्हणून गेटचा, म्हणजे इंजिनिअरिंगनंतर एम.टेक.साठी देतात त्या परीक्षेचा, अभ्यासक्रम घ्या. परीक्षा द्यायची नसली तरी चालेल. गेटच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात गणिताबरोबर डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय आहेत. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर सुरू झाला. त्यात संभाव्यता, संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, मशिन लर्निंग, एआय, डेटाबेस, प्रोग्रॅमिंग आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, कंपायलर नाही. दोन शाखांचा कल कुठे आहे ते या दोन याद्यांवरून कळतं. एआयची चांगली शाखा असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क तिथेही पूर्ण विषय म्हणून शिकवतात. शिकवत नसतील तर मी ती शाखा घेणार नाही. मशिन लर्निंग दोन वर्षांनी, नोकरीत, अगदी घरबसल्याही शिकता येतं. ऑपरेटिंग सिस्टिम नोकरी लागल्यावर शांतपणे बसून शिकलेला माणूस मी फार क्वचित पाहिलाय.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या कॉलेजांसाठी शाखेतल्या जागांची वरची मर्यादा काढली. कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या त्यानंतर भराभर वाढल्या. मी आधी ज्या कॉलेजात होतो तिथे ६० ची शाखा १८० झाली आणि शिक्षक मात्र तीनच वाढले. नियमाने २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. म्हणून कॉलेजात गेलात की इमारत बघत बसू नका. विचारा: तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिम कोण शिकवतं, आणि त्यांना इथे किती वर्षं झाली? प्रवेशाच्या काउंटरवर नको, विभागात जाऊन विचारा. जमलं तर प्रॅक्टिकल चालू असताना जा आणि लॅबच्या दारात दहा मिनिटं उभे राहा. पोरं स्वतः टाइप करतायत की मागच्या वर्षीच्या फाइलची झेरॉक्स लावतायत, ते तिथेच दिसतं.

लॅबला मी एवढं महत्त्व का देतो, ते एका प्रसंगावरून सांगतो. मागच्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा लिंक्ड लिस्टचा (एकमेकांना जोडलेल्या नोंदींच्या यादीचा) प्रोग्रॅम सारखा सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीची चूक, देऊन बंद पडत होता. शेजारणीचा कोड उतरवला असता तर पाच मिनिटांत जर्नलवर सही मिळाली असती. तिने जर्नलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चौकोन काढले. प्रत्येक चौकोनात एक आकडा आणि पुढच्या चौकोनाचा पत्ता, मध्ये बाण. मग पहिला चौकोन खोडला आणि तिथेच थांबली. 'हेड'चा, म्हणजे यादीची सुरुवात दाखवणारा, बाण अजून त्या खोडलेल्या चौकोनाकडेच होता. नोड, म्हणजे तो चौकोन, काढून टाकला, पण हेड पुढे सरकवायचा राहिला होता. दोन तासांचं प्रॅक्टिकल त्यात गेलं, आणि पॉइंटर, म्हणजे पत्ता दाखवणारे ते बाण, तिला आता कुणी समजावून सांगायची गरज नाही. तेवढा वेळ देणारी लॅब आणि तेवढा वेळ थांबणारा शिक्षक जिथे आहे, ते कॉलेज घ्या.

फवारणीचा प्रोग्रॅम लिहिणारी पोरगी आहे तुमची. कॉम्प्युटर सायन्सची शाखा, शिक्षक टिकलेले असतील तर जिल्ह्यातली, माझ्या यादीत पहिली येईल. पुण्याची दुसरी, पण अभ्यासक्रम वाचूनच.

प्लेसमेंटबद्दल एवढंच सांगतो: सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका, मधलं विचारा. आणि किती जणांनी नाव नोंदवलं, त्यातल्या कितींना मिळालं तेही.

डाळिंबबाग

सर, मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं. चौकोन आणि बाणाचं वाचून ती वही घेऊन बसली.

दोन शंका. पुण्याचं कॉलेज सांगतं की त्यांना नॅक या मूल्यांकन संस्थेची वरची श्रेणी आहे, म्हणजे ही शाखाही मान्यताप्राप्त धरायची का? आणि मुलींना फी माफ झालीय म्हणतात, ते खासगी कॉलेजालाही लागू आहे का?

लॅब_क्रमांक_चार

नॅक संपूर्ण संस्थेला मिळतं. एनबीए ही मान्यता एकेका शाखेला मिळते. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला एनबीए असतं आणि एआयला नसतं. नव्या शाखेच्या किमान दोन बॅच बाहेर पडल्याशिवाय तिला एनबीएसाठी जाताच येत नाही. त्यामुळे त्या शाखेला आज एनबीए नसणं हा दोष धरू नका. पण "आमच्याकडे एनबीए आहे" असं कुणी म्हणालं तर कोणत्या शाखेला, हे विचारा.

शिष्यवृत्ती_टेबल

फीचं मी सांगते. कॉलेजात दहा वर्षं हेच काम बघतेय.

शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची रक्कम पूर्ण माफ, आधी ती निम्मी होती. खासगी विनाअनुदानित कॉलेजलाही लागू आहे, पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की हा लाभ नाही. कॉलेजचं कुणी "मॅनेजमेंटमधून आत्ताच पक्कं करून टाका" म्हणालं तर हे लक्षात ठेवा, दादा.

माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस, बस आपल्यालाच भरावं लागतं. म्हणजे पुण्याचं आणि जिल्ह्याचं कॉलेज यांच्यातला तुमचा खरा फरक राहण्या-खाण्याचा आहे, फीचा नाही. शासकीय कॉलेजची कमी फी हा मुद्दाही तुमच्यासाठी जवळपास संपतो.

अर्ज महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी भरायचा असतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर आणि जात पडताळणी आत्ताच एका पिशवीत घालून ठेवा. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते बघून घ्या. मागच्या वर्षी आमच्या एका मुलीचं नॉन-क्रिमीलेयर मुदत संपलेलं निघालं, तिच्या वडिलांना चार फेऱ्या पडल्या आणि तोवर तिचा जीव टांगणीला लागला होता.

नेकारकाठी

जर्मनीतून लिहितोय. तुमच्या मुलीला पुढे एमएस करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

माझी पदवी ईएनटीसीची, महाराष्ट्रातल्याच एका चांगल्या कॉलेजची. पाच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम केलं आणि इथे इन्फर्माटिकच्या, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सच्या, मास्टर्सला अर्ज केला. इथली विद्यापीठं गुणांबरोबर विषय मोजतात. तुमच्या पदवीत गणिताचे क्रेडिट किती, थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्सचे किती, ऑपरेटिंग सिस्टिम-नेटवर्कचे किती, हे गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम समोर ठेवून जुळवतात. माझ्याकडे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन नव्हतं, डिस्क्रीट मॅथ्स नव्हतं. दोन ठिकाणांहून नकार आला, दोन्हीकडे कारण तेच. पाच वर्षांचा अनुभव तिथे कामी आला नाही. शेवटी एम्बेडेड सिस्टिम्सला प्रवेश मिळाला आणि मी त्यात आनंदात आहे, पण मनात होतं ते वेगळं होतं.

म्हणून ईएनटीसी घ्यायचं तर इलेक्ट्रॉनिक्स आवडतं म्हणून घ्यावं. सिग्नल, मायक्रोप्रोसेसर, व्हीएलएसआय (चिपची रचना) हे सुंदर विषय आहेत. "नंतर आयटीत जाता येतंच" म्हणून घेऊ नका. एआयच्या शाखेलाही हाच हिशेब लागू आहे. गणित जास्त असतं ते चांगलंच, थिअरीचा विषय आहे का ते बघा.

ईएनटीसी_२००९

वरच्या दादांचं बरोबर आहे, फक्त एक जोडतो. आता बऱ्याच ठिकाणी मुख्य शाखेबरोबर दुसऱ्या विषयाची मायनर पदवी घेता येते, १८ ते २० क्रेडिट जादा करून. ईएनटीसीत राहून कॉम्प्युटरचं मायनर करणारी पोरं माझ्या टीममध्ये आहेत आणि ती चांगलं काम करतात. पण शनिवार त्यात जातात, हे खरं.

मराठी माध्यमाची काळजी करू नका. मीही मराठी माध्यमाचाच. पहिल्या सेमिस्टरला शब्द अडतात, संकल्पना नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, सी, पायथनचे धडे मराठीतून आहेत, फुकट आहेत, दहा-दहा मिनिटांचे आहेत. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात तेवढे केले तरी ती वर्गात पुढे असेल. ऑपरेटिंग सिस्टिम, अल्गोरिदमसाठी एनपीटीईएल या मोफत साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची संपूर्ण व्याख्यानं आहेत. पूर्ण मराठीतूनच शिकायचं असेल तर पिंपरी-चिंचवडच्या पीसीसीओईने २०२१ मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची मराठी तुकडी सुरू केली होती. यंदाच्या यादीत ती आहे का बघा.

लॅपटॉप लगेच महागडा घेऊ नका. १६ जीबी रॅम आणि एसएसडी बघा, त्यावर लिनक्स टाका. वेगळं ग्राफिक्स कार्ड पहिली दोन वर्षं तरी लागत नाही, एआयवाल्यांनाही नाही.

आयटी_तिसरं_वर्ष

सरांचं वाचून मी माझाच अभ्यासक्रम पुन्हा उघडून बघितला. आमच्याकडे हे सगळे विषय आहेत, म्हणून मला कधी प्रश्नच पडला नव्हता. काका, मी पुणे म्हणालो ते वातावरणासाठी. विषय तपासून मगच ठरवा, हे मलाही पटलं.

डाळिंबबाग

मंडळी, आज जिल्ह्यातल्या कॉलेजला जाऊन आलो. सकाळच्या एसटीने लेक आणि मी.

विभागात गेलो. ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्या मॅडम तिथे ११ वर्षं आहेत. त्यांनी आम्हाला बसवून अभ्यासक्रमाची पुस्तिकाच दिली. सुट्टी असल्याने प्रॅक्टिकल नव्हतं, पण फेरपरीक्षेची पाच-सहा मुलं लॅबमध्ये होती. लेक एका मुलीशेजारी जाऊन बसली आणि अर्धा तास उठलीच नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "आप्पा, त्या ताईने मला टर्मिनल दाखवलं."

पुण्याच्या कॉलेजचा अभ्यासक्रमही उतरवला. नेटवर्क आहे, ऑपरेटिंग सिस्टिम आहे, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन ऐच्छिक आहे. म्हणजे वाईट नाही.

तिचंच म्हणणं आहे की पहिला पर्याय जिल्ह्यातला, दुसरा पुण्याचा. ईएनटीसी खाली टाकतोय. पण पर्सेंटाइल चांगले आहेत, तर वर दोन-चार मोठी नावंही टाकावीत का? की त्याने नुकसान होतं?

शिष्यवृत्ती_टेबल

जरूर टाका, नुकसान काही नाही. ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. क्रम मनापासून जे हवं त्याप्रमाणे लावा, कटऑफ बघून नको. वरचं नाही मिळालं तर यंत्रणा आपोआप खालच्याकडे येते. फक्त पहिल्या क्रमांकावर जे टाकाल ते मिळालं की तेच पक्कं धरतात, पुढच्या फेरीत नाव राहत नाही. म्हणून पहिलं नाव असं टाका की मिळाल्यावर मागे वळून बघावंसं वाटणार नाही. पुढच्या फेऱ्यांत किती पर्यायांपर्यंत हा नियम आहे ते यंदाच्या माहितीपुस्तिकेतून वाचा, ते बदलत आलंय.

आणि फॉर्म कन्फर्म करायला शेवटच्या संध्याकाळची वाट बघू नका, साइट अडकते. उद्या दुपारीच करा, लेकीला स्वतः भरू द्या, आणि पीडीएफची प्रिंट काढून त्या पिशवीत ठेवा.

डाळिंबबाग

उद्या दुपारीच करतो, ताई. पिशवी तयार आहे. नॉन-क्रिमीलेयर बघितलं, पुढच्या मार्चपर्यंत चालतंय.