उत्तर : पार्सल आणि बसून खाणं

‘मेनूकार्डावर डोशापासून सिझलरपर्यंत सगळं असेल तर एकही पदार्थ धड नसणार’ असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या पार्ल्यातल्या अशाच एका हॉटेलात डोशाचा तवा, चायनीजची कढई आणि तंदूर तिन्ही वेगळे, कारागीरही वेगळे. फक्त तंदूर संध्याकाळी सातनंतर पेटतो. पाच वाजता पनीर टिक्का मागवला की तव्यावर परतलेलं काहीतरी येतं, मग नावं ठेवतो आपण! आणि उडुप्याकडच्या मंचुरियनला इतकं हसू नका. तो पदार्थ चीनचा नाहीच, १९७५ च्या सुमारास शेफ नेल्सन वाँग यांनी इथेच मुंबईत, चर्चगेटच्या क्रिकेट क्लबात केलेला.

पार्सलचं मात्र वेगळं आहे. मसाला डोसा बंद डब्यात दहा मिनिटं राहिला की वाफेनं चामट होतो. घरी उघडला तेव्हा झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं आणि डोसा भाजीला चिकटून बसलेला. तेव्हापासून मी स्वतः जाऊन आणतो. भाजी वेगळी, डोसा नुसता कागदात गुंडाळून, चटणी पिशवीत. काउंटरवरचे काका आता न सांगताच ‘भाजी अलग’ असं आत ओरडतात. फ्राइड राइस, बिर्याणी खुशाल मागवा, ते प्रवासात बिघडत नाहीत. सिझलर पार्सल मागवणाऱ्यांचं मला कोडंच आहे, चुरचुर आवाज कुठल्या डब्यात भरून देणार?